जुन्या वस्त्या, गुन्हेगारी आणि पुनरुज्जीवन : मराठवाड्यातील शहरांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील अनेक जुनी शहरे नदीकाठी वाढली. छत्रपती संभाजीनगर खाम नदीच्या, जालना कुंडलिकेच्या, बीड बिंदुसरेच्या आणि नांदेड गोदावरीच्या काठी वसले. या शहरांच्या जुन्या भागांत राहणारे रहिवासी, भाडेकरू आणि दुकानदार, तसेच बाहेरगावी स्थायिक झालेले घरमालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कायद्यासंबंधीची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष दाव्यात वकिलाचा सल्ला घ्यावा.

एखादी वस्ती खालावत आहे, हे कशावरून ओळखावे?

पडक्या भिंती, उकिरडे आणि तुंबलेल्या नाल्या ही फार उशिरा दिसणारी लक्षणे आहेत. त्याच्या किती तरी आधी गल्लीतील दोन-चार घरांना कायमची कुलपे लागतात, मालक पुण्याला किंवा हैदराबादला मुलांकडे राहायला जातात, घरपट्टी थकते आणि वारसांची नावे मालमत्ता पत्रकावर लागतच नाहीत. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घसरतो. दिवेलागणीनंतर ओट्यावर बसणारी माणसे कमी होतात. सोयरीक जुळवताना आपला पत्ता सांगायला घरचे लोक कचरू लागले, की वस्तीची पत गेली असे समजावे. तोवर पोलिसांच्या दप्तरात त्या गल्लीचे नावही आलेले नसते.

वस्ती खालावल्यामुळे गुन्हे वाढतात, की गुन्ह्यांमुळे वस्ती खालावते?

दोन्ही गोष्टी घडतात, पण क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी काम जाते, मागोमाग मालक जातो, मग पालिकेचे लक्ष जाते आणि अशा रिकाम्या झालेल्या जागेत गुन्हेगारी शिरते. एकदा ती शिरली, की उरलेल्यांच्या निघून जाण्याला वेग येतो आणि त्या टप्प्यावर कारण कोणते व परिणाम कोणता, हे वेगळे काढणे अवघड होते.

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात हा क्रम स्पष्ट दिसतो. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे वसवलेले हे शहर पुऱ्यांचे शहर होते. बेगमपुरा, औरंगपुरा, नवाबपुरा, कोतवालपुरा अशा प्रत्येक पुऱ्याला स्वतःचा बाजार, स्वतःची प्रार्थनास्थळे आणि पुष्कळदा स्वतःचा व्यवसाय होता. नहर-ए-अंबरी या मलिक अंबरच्या भूमिगत जलवाहिनीचे पाणी खापरी नळांतून या भागांत खेळवलेले होते. हिमरू हे रेशीम-सुताचे नक्षीदार कापड विणणाऱ्यांची घरे आणि त्यांचे माग एकाच छपराखाली असत, त्यामुळे गल्लीत दिवसभर माणसांचा वावर असे. पुढे १९७२ पासून सिडकोने शहराच्या पूर्वेस नवी वसाहत उभी करण्यास सुरुवात केली, चिकलठाणा आणि वाळूज येथील औद्योगिक वसाहती वाढल्या, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, आणि ज्यांना कायम नोकरी व कर्ज मिळू शकत होते ती कुटुंबे रुंद रस्त्यांच्या वसाहतींत राहायला गेली. यात कोणाचा दोष नव्हता; मोकळी हवा आणि स्वतःच्या नावावरचे घर कोणाला नको असते? पण मागे राहिलेल्या पुऱ्यांत यंत्रमागाच्या कापडाशी स्पर्धा न झेपणारे विणकर, भाड्याने राहणारी कुटुंबे आणि वाटणीवाचून अडकलेले वाडे उरले. बाजार समितीचा व्यवहार जाधववाडीकडे सरकल्यावर जुन्या मोंढ्याभोवतीचे हमाल, गाडीवाले आणि चहाच्या टपऱ्या यांचाही आधार गेला.

अशा ठिकाणी मटक्याचा अड्डा, बेकायदा सावकारी आणि गुंगीच्या गोळ्यांची विक्री सहज रुजते, कारण या तिन्ही धंद्यांना कुलूपबंद घर, अंधारी बोळ आणि बिनकामाची पोरे एवढेच भांडवल लागते.

म्हणजे विशिष्ट समाजाच्या वस्त्यांत गुन्हेगारी जास्त असते, हे खरे आहे का?

नाही. ज्या वस्तीत नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, जिथे बँक कर्ज देत नाही आणि जिथे पोलीस फक्त बंदोबस्तासाठी येतात, तेथे कोणत्याही जातीधर्माची माणसे ठेवली तरी पाच-दहा वर्षांनी चित्र सारखेच दिसेल. घर भाड्याने देताना आडनाव विचारण्याची पद्धत मात्र वस्त्या आणखी कोंडते. कमावत्या माणसालाही बाहेर घर मिळत नाही आणि वस्तीतील चांगली उदाहरणे वस्तीतच दडपून राहतात. या एका गोष्टीविषयी सुशिक्षित मराठवाड्याने फारसे प्रामाणिकपणे बोललेले नाही.

पाणीपुरवठ्याचा गुन्हेगारीशी काय संबंध?

आपल्या भागात हा संबंध इतर कोणत्याही प्रदेशापेक्षा अधिक थेट आहे. मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी आणि भांडणे होऊ नयेत म्हणून जिल्हा प्रशासनाला कलम १४४ अन्वये जमावबंदी लागू करावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. संभाजीनगरात मे २०१८ मध्ये शहागंज, राजाबाजार, गांधीनगर या जुन्या भागांत दंगल झाली. दंगलीला एकच कारण कधी नसते, पण तेव्हाच्या बातम्यांत बेकायदा नळजोडण्या तोडण्यावरून वाढलेल्या तणावाचा उल्लेख ठळकपणे आला होता.

मोठ्या घटना सोडून दिल्या तरी रोजचे नुकसान कमी नाही. नळाला पाणी कित्येक दिवसांनी आणि तेही अवेळी येत असेल, तर घरातील एका व्यक्तीचा रोजगार बुडतो, आणि ती व्यक्ती बहुधा बाई असते. टँकर कोणाच्या दारात आधी थांबेल हे ठरवणारा माणूस हळूहळू गल्लीचा दादा होतो, आणि निवडणुकीच्या वेळी पक्षांचे उमेदवार त्याच्याच ओट्यावर येऊन बसतात. संभाजीनगरला पैठणच्या नाथसागरातून पाणी येते; ज्याचा हा जलाशय ते जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पूर्ण झालेले असूनही ते पाणी जुन्या शहराच्या शेवटच्या नळापर्यंत पुरेशा दाबाने पोहोचवण्यासाठी १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये करावे लागले. पुनरुज्जीवनाच्या कोणत्याही आराखड्यात पाणी पहिल्या पानावर नसेल, तर तो आराखडा मराठवाड्यासाठी केलेला नाही असे खुशाल समजावे.

आमच्या ठाण्याच्या हद्दीत नोंदवलेले गुन्हे वाढले. परिस्थिती बिघडली असे समजायचे का?

लगेच तसे समजू नये. नोंद झालेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठाण्यात तक्रार घेण्याची टाळाटाळ थांबली, महिला पुढे येऊ लागल्या किंवा मोबाइल चोरीची नोंद केवळ गहाळ म्हणून न होता चोरी म्हणून होऊ लागली, तरी आकडा वाढतो. उलट एखाद्या वस्तीतील लोकांनी पोलिसांकडे जाणेच सोडले असेल, तर तेथे कागदावर शांतता दिसते. म्हणून आकड्यांबरोबरच जबरी चोरी, प्राणघातक हल्ला, घरफोडी अशा प्रकारांचा वेगवेगळा आणि अनेक वर्षांचा कल पाहावा. रात्री नऊनंतर औषधाचे दुकान उघडे असते का, रिक्षावाला वस्तीत यायला तयार होतो का, हे प्रश्नही आकड्यांइतकेच उपयोगी आहेत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, मग गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो. इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती दिल्यास तीन दिवसांच्या आत सही करावी लागते, आणि नोंदीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते.

गुंडांना तडीपार केल्याने वस्ती सुधारते का?

काही काळ श्वास घ्यायला मिळतो, त्यापेक्षा अधिक अपेक्षा ठेवू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली एखाद्या व्यक्तीला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी हद्दपार करता येते, आणि १९८१ च्या ज्या कायद्याला सर्वजण एमपीडीए म्हणतात त्याखाली धोकादायक व्यक्तीला एक वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. हद्दपार केलेला इसम शहरातच सापडल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. शेजारच्या जिल्ह्यात राहून मोबाइलवरून अड्डा चालवणे अवघड नाही. शिवाय त्याची जागा घ्यायला तयार असलेला दुसरा तरुण त्याच गल्लीत असतो. तडीपारीच्या काळात जुगाराचा अड्डा असलेल्या घराची मालकी निश्चित करणे, दिवे लावणे, बंद पडलेली व्यायामशाळा किंवा वाचनालय उघडणे अशी कामे झाली, तरच त्या दोन वर्षांचा उपयोग होतो. ती झाली नाहीत तर दादा परत येतो आणि त्याच्या स्वागताचा फलक चौकात लागतो.

'बटन' गोळ्या घेणाऱ्या मुलाच्या पालकांनी पोलिसांकडे जावे, की डॉक्टरांकडे?

आधी डॉक्टरांकडे जावे. या गोळ्या बहुतांशी झोपेच्या किंवा मानसिक आजारांवरील औषधांच्या असतात आणि चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा असते. त्या अचानक बंद केल्यास झटके येऊ शकतात, म्हणून मुलाला खोलीत कोंडून ठेवण्याचा घरगुती उपाय धोक्याचा आहे. अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४ अ नुसार, स्वतःच्या सेवनासाठी अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण केले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. ही तरतूद वस्त्यांत जवळजवळ कोणालाच ठाऊक नसते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे. विक्रेत्याची माहिती द्यायची असल्यास ११२ वर देता येते. ती देणाऱ्याचे नाव वस्तीत फुटणार नाही याची काळजी ठाण्याने घेतली नाही, तर दुसरा माणूस पुढे येत नाही.

आमचा वाडा पडायला आला आहे. मालक दुरुस्ती करत नाही आणि भाडेकरू सोडत नाहीत. यातून मार्ग काय?

जुन्या वस्त्यांच्या अवनतीचे हे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी चर्चिले गेलेले कारण आहे. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, म्हणून येथील भाडेव्यवहाराला दीर्घकाळ १९५४ चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा लागू होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ सर्व राज्यासाठी अमलात आला. त्यात दरवर्षी चार टक्के भाडेवाढ करण्याची मुभा आहे. परंतु मूळ भाडेच पन्नास-शंभर रुपयांत अडकले असेल, तर चार टक्क्यांत कौलसुद्धा बदलता येत नाही. मालक म्हणतो, उत्पन्न नाही तर दुरुस्ती कशाला करू. भाडेकरू म्हणतो, मालकाला वाडा पडायलाच हवा आहे. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते, आणि मधल्या काळात पावसाळे वाड्याचा निकाल लावतात.

मालकाला पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूवर दबाव आणता येत नाही. अत्यावश्यक सेवा बंद करण्यास कायद्याने मनाई आहे. जागा पाडून नवी इमारत बांधण्याच्या कारणावरून ताबा मिळवला गेला, तर मूळ भाडेकरूला नव्या इमारतीत सामावून घेण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. प्रत्यक्षात मार्ग निघतो तो न्यायालयाबाहेर. मालक, भाडेकरू आणि छोटा बांधकाम व्यावसायिक यांनी नोंदणीकृत करार केला, त्यात भाडेकरूचे क्षेत्र, तात्पुरत्या घराचे भाडे आणि ताब्याची तारीख स्पष्ट लिहिली, तर काम पुढे सरकते. तोंडी आश्वासनावर घर रिकामे करणाऱ्या भाडेकरूंची मराठवाड्यात मोजदाद नाही, म्हणून साध्या मुद्रांकावरील लिखापढीवर कोणीही ताबा सोडू नये.

याच्या आधीची एक पायरी नेहमी राहून जाते, ती म्हणजे वारसनोंद. आजोबांच्या नावावर असलेल्या वाड्याला तिसऱ्या पिढीत पंधरा-वीस हिस्सेदार होतात. त्यांपैकी काही लेकी सासरी, काही नातवंडे परदेशी, आणि एखादा भाऊ मात्र त्याच वाड्यात राहून सर्वांवर दावा लावून बसलेला. निजामकाळातील उर्दू दस्तऐवज वाचून घ्यावे लागतात, त्यातच जागा इनामी, देवस्थानाची किंवा वक्फची निघाली तर परवानगीचा वेगळा प्रवास सुरू होतो. नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रक अद्ययावत करणे हे कंटाळवाणे काम आहे खरे, पण त्यावाचून बँकेचे कर्ज, बांधकाम परवाना किंवा शासकीय योजनेचे अनुदान यांपैकी काहीच मिळत नाही.

महापालिकेने 'धोकादायक इमारत' अशी नोटीस लावली आहे. घर सोडले तर हक्क जातो का?

केवळ सुरक्षेसाठी घर सोडल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. मात्र तो सिद्ध करण्याची सामग्री हाताशी असली पाहिजे. घर सोडण्यापूर्वी आपल्या ताब्यातील क्षेत्राचे मोजमाप, छायाचित्रे, भाडेपावत्या आणि वीजबिले जमा करावीत, आणि महापालिकेकडून तसा दाखला लेखी मागावा. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेण्याची तरतूद महानगरपालिका अधिनियमात आहे. नोटिशीचा उपयोग भाडेकरू हुसकावण्यासाठी होत आहे असा संशय असल्यास दुसऱ्या मान्यताप्राप्त अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. पण भिंतीला तडा गेलेला असताना पावसाळ्यात हट्टाने आत राहू नये.

दरवाजांचे जतन आणि नदीकाठाचे सुशोभीकरण यांमुळे वस्ती खरोखर बदलते का?

बदलते, पण अर्धीच. बावन्न दरवाजांचे शहर अशी संभाजीनगरची ख्याती. त्यांतील थोडेच आज उभे आहेत. मलिक अंबरने मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ १६१२ मध्ये बांधलेल्या भडकल दरवाजासह काहींची अलीकडे डागडुजी झाली आणि शहागंजच्या घड्याळ मनोऱ्यालाही नवे रूप मिळाले. खाम नदीचे काम २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, एक खासगी उद्योग आणि स्थानिक पर्यावरण संस्था यांनी एकत्र हाती घेतले. लोखंडी पुलाजवळच्या ज्या पट्ट्यात पूर्वी नाक धरल्याशिवाय जाता येत नव्हते, तेथे आता लोक सकाळी फिरायला येतात. हे काम चांगले आहे आणि त्याचे श्रेय देण्यात कंजूषी करू नये. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या ग्रामस्थांनी कचरा टाकू देणे बंद केल्यावर हेच शहर कित्येक आठवडे कचऱ्यात बुडाले होते, हे आठवले म्हणजे फरक कळतो.

तरीही नदीकाठी झाडे लागली आणि त्याला लागून असलेल्या गल्लीतील मैलापाण्याची वाहिनी तशीच फुटकी राहिली, तर बाहेरून आलेल्याला बाग दिसते आणि रहिवाशाला डास. जतन केलेल्या दरवाजाच्या आतल्या बाजूस राहणाऱ्या विणकराला किंवा तांबटाला दुकान लावण्याची परवानगी, तेथील तरुणाला मार्गदर्शक म्हणून काम आणि बायांना स्वच्छतागृह मिळाले, तर तो दरवाजा वस्तीचा होतो. नाही तर तो छायाचित्रापुरता राहतो.

समुद्रकाठच्या ज्या शहरांविषयी वाचतो, त्यांचे पुनरुज्जीवन पर्यटनामुळे झाले. वेरूळ-अजिंठा जवळ असताना आपल्याकडे तसे का होऊ नये?

त्या शहरांचा पूर्ण इतिहास पाहिल्यास उत्साह थोडा आवरता घ्यावा लागतो. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. १८५४ मध्ये रेल्वे पोहोचल्यावर भरभराटीला आलेले हे विहारस्थान दुसऱ्या महायुद्धानंतर ओसरले, कारण विमानामुळे सुट्टीसाठी दूरवर जाणे सोपे झाले होते. हॉटेले पडीक झाली, मागच्या गल्ल्यांत दारिद्र्य आणि गुन्हे वाढले. १९७६ मध्ये मतदारांनी जुगारगृहांना परवानगी दिली आणि १९७८ मध्ये पहिले जुगारगृह सुरू झाले. जुगाराच्या पैशातून शहर पुन्हा उभे राहील, असा वायदा होता. पैसा आला, रोजगारही आला. परंतु किनाऱ्यावरील झगमगाटापासून काही गल्ल्या आत घरे ओसाडच राहिली, जागेच्या सट्टेबाजीत जुने रहिवासी उठले, आणि शेजारील राज्यांनी जुगाराला परवानगी देताच धंदा वाटला गेला. २०१४ या एका वर्षात तेथील बारापैकी चार जुगारगृहे बंद पडली आणि २०१६ मध्ये राज्य सरकारला शहराचा कारभार हाती घ्यावा लागला.

इंग्लंडमधील मार्गेट या किनारी गावाची गोष्ट निराळी आहे. स्वस्त परदेशी सहलींमुळे तेथील पाहुणे गेले, मोठी हॉटेले दाटीवाटीच्या भाड्याच्या खोल्यांत बदलली आणि गावाची पत घसरली. २०११ मध्ये मोठे कलादालन सुरू झाल्यावर दुकाने आणि कलाकार परतले, परंतु घरांच्या किमती आणि भाडी वाढल्याची तक्रार आता स्थानिक करतात.

आपल्याकडे वेरूळ-अजिंठ्याचा पाहुणा शहरात उतरतो, गाडीत बसून लेणी पाहतो आणि बिबी का मकबरा, पाणचक्की करून परत जातो. त्याचा पैसा गुलमंडीच्या मागच्या बोळात पोहोचण्याची व्यवस्थाच नाही. पाहुण्यांची संख्या दुप्पट झाली तरी ही वाट तयार झाल्याखेरीज वस्त्यांना काही मिळणार नाही. तुळजापूर आणि नांदेडसारख्या तीर्थक्षेत्री हा प्रश्न थोडा सौम्य आहे, कारण भाविक पायी फिरतो, गल्लीतल्या दुकानातून वस्तू घेतो आणि मुक्कामही तिथेच करतो.

नांदेडचा अनुभव काय सांगतो?

२००८ मध्ये गुरुता गद्दीच्या, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबला गुरुपद दिल्याच्या घटनेच्या, त्रिशताब्दीनिमित्त नांदेडला केंद्राच्या नागरी पुनरुत्थान अभियानातून मोठा निधी मिळाला. रस्ते रुंद झाले, गोदावरीवर घाट बांधले गेले, विमानतळाचे काम झाले. याच अभियानातून झोपडपट्टीतील कुटुंबांना मूळ जागीच पक्की घरे देण्याचा कार्यक्रमही राबवला गेला, आणि आमच्या मते तोच भाग इतर शहरांनी अभ्यासावा असा आहे. सोहळ्याची तारीख ठरलेली असल्यामुळे कामांना वेग आला, ही गोष्टही लक्षात घ्यावी. तारीख उलटून गेल्यावर देखभालीचा निधी कोण देणार, हा प्रश्न मात्र घाटांवर आणि रस्त्यांवर सारखाच लागू पडतो. शहरातील जुनी कापड गिरणी बंद पडल्याने गेलेले कायम काम घाटांमुळे परत आले नाही.

जुनी वस्ती सोडून सर्वांना नव्या जागी मोकळ्या घरांत नेणे अधिक सोपे नाही का?

कागदावर सोपे आहे. मराठवाड्याने हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. तेथे स्थलांतराला पर्याय नव्हता आणि नवी घरे भूकंपाला तोंड देतील अशी बांधली गेली. तरी रुंद, सरळ, शहरी आखणीच्या त्या गावांत शेजार तुटला, घरे एकमेकांपासून दूर गेली, जनावरे बांधायची कुठे आणि म्हाताऱ्यांनी बसायचे कुठे याची सोय लोकांना पुढे आपापल्या परीने करावी लागली. नैसर्गिक आपत्ती नसताना केवळ गुन्हेगारीच्या नावाखाली एखादी वस्ती उठवली, तर रहिवाशांचे काम तुटते, मुलांच्या शाळा तुटतात, आणि शहराच्या टोकाला नवी खालावलेली वस्ती तयार होते.

सीसीटीव्ही आणि दिवे लावल्याने कितपत फरक पडतो?

दिव्यांनी पडतो. कॅमेऱ्यांचा उपयोग गुन्हा घडल्यानंतर तपासासाठी अधिक होतो, तोही कॅमेरा चालू असल्यास. रिकाम्या जागांची साफसफाई हा मात्र सिद्ध झालेला उपाय आहे: अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पडीक भूखंड स्वच्छ करून तेथे गवत व झाडे लावण्याचा शास्त्रशुद्ध प्रयोग झाला, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गरीब वस्त्यांत अशा भूखंडांभोवती बंदुकीने होणारी हिंसा २९ टक्क्यांनी घटली. आपल्याकडे बंदुकांचा तसा सुळसुळाट नाही, पण पडक्या वाड्याचे जोते आणि त्यात साचलेला कचरा प्रत्येक गल्लीत आहे.

भाडी वाढली, उपाहारगृहे आली, पण जुने लोक निघून गेले. याला पुनरुज्जीवन म्हणावे का?

जागेचे म्हणता येईल, वस्तीचे नाही. लातूरमध्ये शिकवणी वर्गांमुळे बाहेरगावचे विद्यार्थी आले आणि खोल्यांची भाडी चढली. ज्यांच्याकडे घर होते त्यांना आधार मिळाला आणि जे भाड्याने राहत होते ते शहराच्या कडेला सरकले. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात त्या गंजगोलाईभोवतीचा बाजार मात्र अजून तिथल्याच माणसांचा आहे, कारण तेथे घाऊक आणि किरकोळ विक्रेता, हमाल आणि ग्राहक एकमेकांवाचून चालू शकत नाहीत. असा एकमेकांत गुंतलेला व्यवहार ज्या वस्तीत टिकतो, तेथून माणसे सहज हलत नाहीत.

आमच्या गल्लीत काही करायचे असल्यास सुरुवात कशाने करावी?

गल्लीतील प्रत्येक कुलूपबंद घराची यादी करावी आणि मालक सध्या कोठे आहे हे लिहून घ्यावे. शेजाऱ्यांना ते बहुधा ठाऊकच असते. पुणे, मुंबई किंवा हैदराबादेतील मालकाला पत्र लिहून निदान अंगणाची सफाई आणि दाराचे कुलूप यांची जबाबदारी शेजाऱ्यावर सोपवण्याची लेखी संमती मागावी. सणाच्या निमित्ताने मालक गावी येतात, तेव्हा हे बोलणे सोपे जाते. प्रभाग कार्यालयात दिवे, वाहिनी आणि कचरा यांच्या तक्रारी वेगवेगळ्या अर्जांनी द्याव्यात, कारण एका अर्जात पाच मागण्या लिहिल्या तर तो अर्ज पाच टेबलांवर फिरत राहतो. तीस दिवसांत काही झाले नाही, तर माहिती अधिकाराखाली त्या अर्जावर काय कार्यवाही झाली हे विचारावे. पोलीस ठाण्याशी बोलायला जाताना महिलांनी आणि सर्व समाजांच्या लोकांनी एकत्र जावे, आणि एखाद्या राजकीय पक्षाच्या पदाधिकाऱ्याला पुढे करून जाऊ नये. वारसनोंदीचे काम अडलेल्या घरांसाठी तालुका विधी सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्न गटातील व्यक्ती त्यास पात्र असतात. अर्ज न्यायालयाच्या आवारातच करता येतो.